जुनी मोटार घ्या, पण कागद करून घ्या

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, ही म्हण आपण सगळेच जाणतो. जनावर नीट पाहिल्याशिवाय, चालवून-फिरवून बघितल्याशिवाय सौदा करू नये, एवढाच तिचा अर्थ. परंतु आज आपल्या भागात म्हशींपेक्षा मोटारींचे सौदे जास्त होऊ लागले आहेत, आणि पाणबुडी मोटारीला ही म्हण शब्दशः लागू पडते. वरून दिसते ती एक लोखंडी नळी. आतली तार तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमची, वायंडिंग कितव्यांदा झालेली, बेअरिंग नवे की घासलेले, हे काही डोळ्यांना दिसत नाही. बोअरमध्ये सोडली की ती दिसेनाशीच होते. मग मागे उरते काय? मिस्त्रीचा शब्द आणि तुमचा विश्वास.

शेतकरी बंधू-भगिनींनो, विश्वास ही वाईट गोष्ट नाही. भोकरच्या बाजारपेठेत मोटार दुरुस्त करणारी बहुतेक मंडळी आपल्याच गावांतली आहेत. कुणी आयटीआय करून दुकान टाकले, कुणी उस्तादाच्या हाताखाली काम शिकले. रात्री-अपरात्री फोन केला तरी येणारी ही माणसे आहेत. पण विश्वासाला कागदाची जोड असली म्हणजे तो टिकतो. कागद नसला की एका जळालेल्या मोटारीपायी वीस वर्षांची ओळख तुटते. म्हणून हा लेख घेणाऱ्यांसाठी आहे, तसाच विकणाऱ्या मिस्त्रींसाठीही आहे.

बैलाला पावती, मोटारीला का नको?

माळेगावच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलजोडी घेतली, तर पावतीशिवाय आपण दावे हातात धरत नाही. देणारा कोण, घेणारा कोण, जनावराचा रंग, शिंगे, वय, किंमत हे सगळे लिहून घेतो. कारण वाटेत कुणी अडवले, तर बैल आपला आहे हे सांगायला तोच कागद कामी येतो. मग त्याच माणसाने दहा-पंधरा हजारांची जुनी मोटार नुसती टेम्पोत टाकून का आणावी? मोटारीला शिंगे नसतात, पण नंबर असतो. तो लिहून घ्यायला दोन मिनिटे लागतात.

कागद नसला तर काय होते

एक उदाहरण घेऊ. समजा, माघ महिना आहे. हळदीला आणि गव्हाला पाणी हवे आहे. अशात तुमची मोटार जळाली. नव्या मोटारीला पैसे नाहीत. दुकानात पाच अश्वशक्तीची जुनी, वायंडिंग केलेली मोटार १४,००० रुपयांना मिळाली. मिस्त्री म्हणाला, "सहा महिने काही होणार नाही, झालं तर मी आहे." तुम्ही फोनवरून पैसे पाठवले आणि मोटार आणली. बाविसाव्या दिवशी ती बंद पडली.

आता मिस्त्री म्हणतो, "व्होल्टेज कमी होतं, त्यानं जळाली." तुम्ही म्हणता, "तुम्ही गॅरंटी दिली होती." तो म्हणतो, "गॅरंटी फक्त वायंडिंगची होती, हे तर बेअरिंग गेलंय." शिवाय बोअरमधून मोटार काढायचा आणि पुन्हा सोडायचा खर्च कुणी करायचा, हे तर बोलणेच झालेले नव्हते. तुमच्याकडे पुरावा कोणता? फोनमधला निरोप. तो सांगतो की १४,००० रुपये गेले. कशाबद्दल गेले, कोणत्या अटीवर गेले, हे तो सांगत नाही. जुनी उधारी फेडली, असेही समोरचा म्हणू शकतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. विहिरीवरच्या आणि नदीकाठच्या मोटारी चोरीला जातात, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. समजा, तुम्ही आणलेल्या मोटारीवरचा नंबर दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याच्या बिलाशी जुळला. १९३० च्या माल विक्री कायद्याचा साधा नियम असा की जो स्वतः मालक नाही, तो दुसऱ्याला मालक करू शकत नाही. म्हणजे तुम्ही पूर्ण दाम मोजलेले असले, तरी मोटार मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. त्याच कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने आपल्याला विकण्याचा हक्क आहे अशी हमी दिलेली आहे, असे धरले जाते. म्हणून तुमचे पैसे त्याच्याकडून मागता येतात. पण त्याच्याकडूनच घेतली, हे दाखवणार कशावरून?

आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तशी शंका येण्याजोगे कारण असूनही अप्रामाणिकपणे घेतला, तर तो गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मोटार अर्ध्या भावात मिळते आहे, नंबराची पट्टी खरवडलेली आहे आणि विकणारा पावती द्यायला तयार नाही, अशा वेळी स्वस्ताई पाहू नका. सरळ घरी या. उलट योग्य भावाने, दुकानातून, पावती घेऊन माल घेतलेल्या माणसाला आपला प्रामाणिकपणा दाखवणे सोपे जाते.

कायदा काय सांगतो

तोंडी सौदासुद्धा कायद्याने सौदाच असतो. कागद नाही म्हणून व्यवहार रद्द होत नाही. अडचण येते ती सिद्ध करताना. त्यासाठी बाँड पेपर लागत नाही की नोटरी लागत नाही. दुकानाच्या पावती-पुस्तकातले पान पुरते. तेही नसेल तर वहीचा साधा कागद चालतो. मात्र पैसे मिळाल्याची पावती ५,००० रुपयांहून अधिक रकमेची असेल, तर तिच्यावर एक रुपयाचे महसुली तिकीट लावून त्यावर सही घ्यावी.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. विकलेल्या मालाची अथवा केलेल्या कामाची पावती न देणे, ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तसेच जुना, दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. जुना माल विकण्यात काही गैर नाही. जुन्याला नवा म्हणण्यात गैर आहे. म्हणून पावतीवर 'जुनी' किंवा 'दुरुस्त केलेली' हा शब्द स्पष्ट असावा. त्यात दोघांचेही भले आहे.

पावतीवर काय काय हवे

पुढील गोष्टी एकेक करून पाहून घ्या:

१) दुकानाचे नाव, पत्ता, फोन, पावतीचा क्रमांक आणि तारीख.

२) घेणाऱ्याचे नाव आणि गाव.

३) वस्तूचे नाव, कंपनी, आणि पट्टीवरचा अनुक्रमांक. पट्टी नसेल तर 'पट्टी नाही' असे लिहावे आणि बॉडीवर कोरलेला नंबर किंवा खूण नोंदवावी.

४) मोटारीची ताकद अश्वशक्तीत किंवा किलोवॅटमध्ये, सिंगल फेज की थ्री फेज, किती स्टेजची. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणून पाच अश्वशक्तीच्या मोटारीवर ३.७ किलोवॅट असे लिहिलेले असते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना राज्यात सुरू झाली; तेव्हा मोटारीची ताकद आणि तुमच्या जोडणीचा मंजूर भार यांचा मेळ बसला पाहिजे.

५) वस्तूची स्थिती: जुनी, वायंडिंग नवे की जुने, तार कशाची, कोणते भाग बदलले.

६) किंमत आकड्यात आणि अक्षरात, रोख की फोनवरून, बाकी असेल तर किती आणि कधी द्यायची.

७) हमी असेल तर तिच्या अटी; नसेल तर 'हमी नाही' असे स्पष्ट.

८) विकणाऱ्याची सही. कायद्याच्या नियमाला ती पुरे. पण दुसऱ्या प्रतीवर घेणाऱ्याचीही सही असावी.

हमी म्हणजे नेमके काय

'सहा महिने बघून घेऊ' ही हमी नव्हे. कोणत्या भागाची, किती दिवस, कोणत्या तारखेपासून, आणि बिघडल्यास काय करणार, म्हणजे दुरुस्त करणार, बदलून देणार की पैसे परत देणार, ही चार उत्तरे लिहिलेली असली म्हणजे ती हमी झाली. पाणबुडी मोटारीत पाचवा प्रश्न येतो: बोअरमधून काढण्या-सोडण्याचा खर्च कुणाचा? पुष्कळ भांडणे याच खर्चावरून होतात. तो निम्मा-निम्मा ठरवा, नाहीतर एकाच्या माथी ठेवा, पण लिहून ठेवा.

मिस्त्रीचीही बाजू समजून घेतली पाहिजे. एक फेज गेलेली असताना मोटार चालली, पाणी संपूनही कोरडी फिरत राहिली, किंवा स्टार्टरचे संरक्षण काढून थेट जोडली, तर उत्तम वायंडिंगही जळते. त्यात त्याचा दोष नाही. म्हणून 'एक फेजवर चालवल्याने अगर कोरडी चालवल्याने जळाल्यास हमी नाही' ही अट त्याने घालणे रास्त आहे. तुम्हीही चांगला स्टार्टर आणि एक फेज गेल्यावर मोटार बंद करणारे उपकरण बसवून घ्यावे.

काही पावत्यांवर 'आहे त्या स्थितीत विकले' असे छापलेले असते. दोघांनी मिळून असे ठरवता येते, कायदा त्याला आड येत नाही. मात्र या शब्दांच्या आड खोटे बोलता येत नाही. जुने वायंडिंग नवे म्हणून सांगितले, तर ती फसवणूकच. म्हणून तोंडाने जे सांगितले जाते, तेच पावतीवर उतरवायला सांगा. जो खरे बोलतो, तो लिहायला कचरत नाही.

सौदा करण्याआधी दुकानातच मोटार चालवून दाखवायला सांगा. पाणबुडी मोटार पाण्याच्या टाकीत बुडवूनच चालवावी. ती किती अँपिअर घेते ते मीटरवर पाहा. पट्टीवरच्या आकड्यापेक्षा जास्त घेत असेल तर कारण विचारा. मेगर लावून इन्सुलेशनही तपासता येते. हे आकडे पावतीच्या मागच्या बाजूला लिहून घ्या. पुढे वाद झाला, तर विकतेवेळी मोटार कशी होती हे त्यावरून कळते.

जीएसटीचा घोळ

जीएसटीच्या नावाने अनेकजण गोंधळतात. केवळ माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात साधारणपणे वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. दुरुस्तीचेही काम करणाऱ्याला ही मर्यादा २० लाख आहे. त्यामुळे लहान दुकानदाराकडे जीएसटी नंबर नसणे गैर नाही. तो नसला तरी साधी पावती मात्र दिलीच पाहिजे. 'जीएसटी नाही म्हणून पावती नाही' हे उत्तर चालणार नाही. उलट नंबर नसताना पावतीवर जीएसटी लावून पैसे घेणेही चूक आहे. नंबर पंधरा अंक-अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो.

नोंदणी असलेल्या दुकानदारांसाठी एक सोय आहे. जुनी वस्तू घेऊन, किरकोळ दुरुस्ती करून विकली आणि खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसेल, तर कर पूर्ण किमतीवर नव्हे, खरेदी-विक्रीतल्या फरकावर बसतो. सहा हजारांना घेतलेली वस्तू नऊ हजारांना विकली, तर कर तीन हजारांवर. पण खरेदी सहा हजारांची होती हे दाखवायला खरेदीचा कागद हवाच.

मिस्त्री बंधूंना चार शब्द

जुना माल विकणाऱ्याने दोन पुस्तके ठेवावीत: एक विक्री पावतीचे, दुसरे खरेदी चिठ्ठीचे. कुणी जुनी मोटार विकायला आणली, तर त्याचे नाव, गाव, फोन, ओळखपत्राचा प्रकार, मोटारीचा नंबर आणि दिलेली रक्कम लिहून त्याची सही घ्या. 'ही मोटार माझ्या मालकीची आहे' हे एक वाक्य त्यात असू द्या. उद्या पोलीस दुकानात आले, तर ही चिठ्ठी तुमचे रक्षण करील.

दुसरा प्रश्न पडून राहिलेल्या मालाचा. गिऱ्हाईक मोटार टाकून जाते आणि वर्षभर फिरकत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, काम ठरल्याप्रमाणे आणि वेळेत केले असेल व उधारीची बोली नसेल, तर मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला आहे. पण अडवून ठेवणे वेगळे आणि विकणे वेगळे. विकण्याचा हक्क ते कलम देत नाही. वस्तू तोवर गिऱ्हाइकाचीच असते, आणि ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळणे हे तुमचे काम ठरते. म्हणून दुरुस्तीला माल घेतानाच जमा-पावती द्या. इतक्या दिवसांत नेला नाही तर कळवून विकला जाईल आणि मजुरी वजा जाता उरलेले पैसे परत मिळतील, अशी अट तिच्यावर लिहा आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्या. विकण्याआधी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. एवढे केल्याशिवाय दुसऱ्याची मोटार तिसऱ्याला देऊ नका.

घरातल्या वस्तूंचेही तेच

भगिनींनो, ही गोष्ट फक्त शेतातल्या मोटारीची नाही. फ्रीज, धुलाई यंत्र, घरगुती पिठाची गिरणी, मिक्सर, कूलर या वस्तूही आता जुन्या घेतल्या जातात. लेकीच्या संसाराला म्हणून जुना फ्रीज घेतला आणि महिन्याभरात कॉम्प्रेसर गेला, तर काटकसरीने जमवलेले पैसे बुडतात. पावतीवर मॉडेल आणि नंबर, कॉम्प्रेसर मूळचा की बदललेला, गॅस भरला असल्यास कोणत्या तारखेला, हे लिहून घ्या. गिरणीच्या बाबतीत मोटारीची ताकद आणि जाळ्या किती दिल्या हे लिहा. मूळ मालकाचे जुने बिल मिळाले तर तेही मागून घ्या.

आपली बंद पडलेली मोटार भंगाराच्या भावाने देतानाही एक चिठ्ठी घ्यावी. ती मोटार पुढे कुठे जाईल ते आपल्या हातात नसते. मात्र अमुक तारखेला आपण ती विकली, हे दाखवता आले पाहिजे. सरकारी अनुदानातून मिळालेला पंप किंवा अवजार असेल, तर मंजुरीपत्रातल्या अटी वाचल्याशिवाय विकू नका. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांना नुसती पावती पुरत नाही. तिथे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्यावेच लागते.

पावतीचा नमुना

हा नमुना कात्रण करून ठेवावा:

"पावती क्र. ...... दिनांक ...... श्री./श्रीमती ......, रा. ......, ता. ...... यांना ...... कंपनीची जुनी, दुरुस्त केलेली पाणबुडी मोटार, अनुक्रमांक ......, ...... अश्वशक्ती, ...... फेज, ...... स्टेज, रुपये ...... (अक्षरी ......) एवढ्या किमतीस विकली. रक्कम रोख/फोनद्वारे मिळाली, बाकी रु. ...... वायंडिंग नवे/जुने, तार ......; बदललेले भाग ...... हमी: ...... या भागास दिनांक ...... पर्यंत, बिघाड झाल्यास...... करून दिले जाईल. काढण्या-सोडण्याचा खर्च ...... याचा. हमी लागू नाही: ...... मोटार आमच्या मालकीची असून विकण्याचा हक्क आम्हास आहे. विकणाऱ्याची सही ...... घेणाऱ्याची सही ......"

दोन प्रती कराव्यात. फोनने फोटो काढून ठेवला तर कागद उंदराने कुरतडला तरी चिंता नाही.

वाद झालाच तर

आधी दुकानात जाऊन पावती दाखवा आणि शांतपणे बोला. बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात. न मिटल्यास लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढचा टप्पा म्हणजे नांदेडचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

आपला भाग तेलंगणाच्या सीमेला लागून आहे. भैंसा, निर्मळकडून मोटारी आणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी नव्या कायद्यात महत्त्वाची सोय आहे: ग्राहक जिथे राहतो, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे माल भैंशाला घेतला तरी तक्रार नांदेडला चालते; पावती मात्र हवी.

'शेतकरी हा ग्राहक कुठे?' असे कुणी म्हटले तर गप्प बसू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू वापरणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे. शेतकऱ्यांच्या बियाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली शेतकरी ग्राहक ठरतो असा निर्वाळा दिलेला आहे. आपल्या महाराष्ट्रात तर १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. हा कायदा व्यापार म्हणून विकणाऱ्यासाठी आहे. शेजाऱ्याने आपली एकुलती मोटार तुम्हाला विकली, तर तो व्यापारी नव्हे. तिथला वाद दिवाणी न्यायालयात जातो. म्हणून शेजाऱ्याच्या सौद्यातही दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी चिठ्ठी करावी. त्यात कमीपणा नाही. भावाभावांच्या वाटणीचाही कागद आपण करतोच.

सातबारा, बँकेचे पासबुक, वीजबिले ज्या पिशवीत ठेवता, तिथेच आणखी एक पाकीट ठेवा आणि त्यावर 'मोटार व घरगुती वस्तू' असे लिहा. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडे ते काम सोपवा. पावतीवरचा नंबर आणि मोटारीवरचा नंबर जुळतो का, हे त्यांनाच ताडून पाहू द्या. मोटार बोअरमध्ये सोडण्याआधी ते करा, कारण एकदा ती खाली गेली की तिच्याबद्दल बोलणारा तो कागदच तेवढा वर राहतो.